एकाचे दोन दिसायला लागले तर: कारण कसं शोधायचं

"म्याडम, समोरनं दोन एस्ट्या येत्यात, त्यातली खरी कुठली ते कळंना." चाळिशी-पन्नाशीतला माणूस असं सांगत आला की मी त्याला लगेच अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवत नसे. आधी एक हात डोळ्यावर धरायला लावत असे.

सातारा जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णालयांत नेत्र चिकित्सा अधिकारी म्हणून माझी नोकरी झाली. नावात अधिकारी असलं तरी आम्ही डॉक्टर नव्हे. चष्म्याचे नंबर काढायचे, मोतीबिंदूचे पेशंट शोधून ऑपरेशनला पाठवायचे आणि जे आपल्या आवाक्यातलं नाही ते ओळखून वेळेत पुढे धाडायचं, एवढं आमचं काम. डबल दिसणं बहुतेक वेळा या तिसऱ्या खात्यात जातं. त्याची कारणं पंचवीस-तीस तरी निघतील. पण घरच्या घरी दहा मिनिटं नीट घालवली तर त्यातली निम्म्याहून जास्त गळून पडतात. मग जे उरतं ते कागदावर लिहून न्यायचं. एमआरआय त्यानंतर.

ज्यांनी ही दहा मिनिटंसुद्धा घालवू नयेत, त्यांच्याबद्दल आधी सांगते. डबल दिसण्याबरोबर बोलणं बोबडं झालं, तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, चालताना तोल जाऊ लागला किंवा गरगरून उलट्या सुरू झाल्या, तर तो मेंदूच्या मागच्या भागातला झटका असू शकतो. १०८ ला फोन करा, आणि माणूस शेवटचा ठणठणीत कधी होता ती वेळ लिहून ठेवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. कॅज्युअल्टीत पहिला प्रश्न त्या वेळेचाच येतो आणि नातेवाईक एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात.

दुसरी धोक्याची खूण पापणी आणि बाहुलीची. एक पापणी खाली आली, ती बोटाने उचलली तर आतला डोळा बाहेरच्या बाजूला आणि किंचित खाली वळलेला दिसतोय, आणि त्याची बाहुली, म्हणजे मधला काळा ठिपका, दुसऱ्या डोळ्यापेक्षा मोठी आहे. असं असेल तर त्याच दिवशी, त्याच तासाला मोठं हॉस्पिटल गाठा. मेंदूतून निघणाऱ्या नसांना क्रमांक असतात; त्यातल्या तिसरी, चौथी आणि सहावी या तीन डोळा हलवतात, आणि तिसरी मेंदूतल्या एका रक्तवाहिनीला खेटून जाते. बाहुली लहान करणारे तंतू त्या नसेच्या वरच्या थरात असतात. रक्तवाहिनीला फुगा आला की तो या वरच्या तंतूंना पहिल्यांदा दाबतो. फुगा फुटला तर माणूस हाताला लागत नाही. अशा वेळी सीटी अँजिओग्राफी किंवा एमआर अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन, लागते, साधा सीटी पुरत नाही. साखरेमुळे हीच नस बसते तेव्हा आतला गाभा सुकतो आणि वरचे तंतू बहुधा वाचतात, म्हणून बाहुली सहसा शाबूत राहते. पण 'सहसा' या शब्दावर घरी बसू नका. पापणी अर्धीच पडली असेल तर बाहुली आज शाबूत आणि उद्या मोठी, असंही होतं.

इथे शेतकऱ्यांसाठी एक गोष्ट. धोत्र्याचं झाड उपटून त्याच हाताने डोळा चोळला तर त्या डोळ्याची बाहुली टम्म मोठी होते. पापणी मात्र जागेवर असते, डोळा सगळीकडे फिरतो, फक्त जवळचं धूसर दिसतं. घरचे घाबरतात, दोन-चार दिवसांत ते उतरतं. तरी डॉक्टरला धोत्र्याचं आठवणीने सांगा, नाहीतर विनाकारण सगळ्या तपासण्या होतील.

बाकीच्या तातडीच्या गोष्टी भराभर सांगते. साखर वाढलेल्या माणसाला चेहऱ्याच्या एका बाजूला दुखतंय, सूज आहे, नाकातून काळपट स्राव येतोय आणि डबल दिसतंय, तर ती काळी बुरशी असू शकते. २०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर आपल्याकडे घरोघरी हे नाव पोहोचलं. लाट गेली, बुरशी गेलेली नाही. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखतंय म्हणून उठला, पापण्या जड झाल्या, दोन-दोन दिसतंय, थुंकी गिळवत नाही, तर मण्यार चावली असं धरूनच चाला. मण्यारीचा दंश दुखत नाही, सुजत नाही, खूण शोधत बसाल तर सापडणार नाही. रोज दारू पिणारा आणि पोटात अन्न नसलेला माणूस झोकांड्या खातोय, बरळतोय आणि डोळे नीट हलत नाहीत, तर बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन ग्लुकोजच्या सलाईनच्या आधी लागतं, हे तिथे बोलून दाखवा. पन्नाशीच्या पुढे कानशील हात लावला तरी दुखतंय, घास चावताना जबडा भरून येतोय, तर सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या, ईएसआर आणि सीआरपी, त्याच दिवशी करून घ्या, कारण कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज आली असेल तर नजर कायमची जाऊ शकते. डोक्याला मार लागल्यावर डबल दिसू लागलं तर काय करायचं ते सांगायला नको.

यातलं काही नसेल तर खुर्चीत बसा, वही घ्या, घरातलं एक माणूस सोबतीला घ्या.

उजवा डोळा तळहाताने झाका. दाबू नका, दाबलेला डोळा उघडल्यावर काही वेळ धूसरच दिसतं. डाव्याने एक दिसतंय का दोन? मग डावा झाका. कोणताही एक डोळा झाकला की एकच दिसत असेल, तर दोन डोळ्यांची दिशा जुळत नाहीये. स्नायू, नस, मेंदू, हा रस्ता पुढे बघायचा. आणि एकच डोळा उघडा असतानाही दोन दिसत असतील तर दोष त्या डोळ्याच्या आतच आहे: मोतीबिंदू, सिलिंडरचा नंबर, कोरडेपणा, क्वचित पडद्यावरची सुरकुती. अशा वेळी दुसरी प्रतिमा बहुतेक पुसट, सावलीसारखी असते. जुन्या लग्नपत्रिकेला टाचणीने भोक पाडून त्यातून बघा. सावली गेली तर नंबर, मोतीबिंदू किंवा कोरडेपणा यांपैकीच काहीतरी. जीवघेणं काही नाही, आठवडाभरात नेत्रतज्ज्ञांना दाखवलं तरी चालतं. नुसत्या या एका चाचणीने कितीतरी जण माझ्यासमोरून हसत घरी गेलेत, आणि त्यातले काही एमआरआयची चिठ्ठी खिशात घेऊन आलेले होते.

नुकताच नवा चष्मा केला असेल, विशेषतः प्रोग्रेसिव्ह, तर जुना लावून बघा. काचेचा मध्य बाहुलीसमोर नसेल तर काच प्रिझमसारखी वागते, म्हणजे प्रकाश एका बाजूला वळवते, आणि डोळ्यांना ओढते. जुन्या चष्म्याने एक दिसत असेल तर दुकानात जाऊन दोन बाहुल्यांमधलं अंतर परत मोजून घ्या.

आता दोन डोळ्यांचा मामला. दोन प्रतिमा शेजारी-शेजारी आहेत का एकावर एक? शेजारच्या ओळखायला विजेचा खांब किंवा दाराची चौकट बघा, वर-खालच्या ओळखायला भिंतीवरची ट्यूबलाईट. ट्यूब दोन दिसताहेत आणि त्यातली एक तिरकी आहे का, हेही लिहा. मग लांबचं जास्त डबल दिसतं का जवळचं? डावीकडे बघताना वाढतं का उजवीकडे? वर का खाली? डोकं सरळ ठेवायचं, सोबतच्याने हनुवटी धरायची आणि पेन फिरवायचं, तुम्ही फक्त डोळ्यांनी पाठलाग करायचा. दुसऱ्या कुणीतरी मोबाईलवर समोरून व्हिडिओ घ्यायचा. ज्या दिशेला दोन पेनांमधलं अंतर सगळ्यात जास्त, तिथे थांबा आणि आळीपाळीने एकेक डोळा झाका. ज्या डोळ्यावर हात ठेवल्यावर सगळ्यात बाहेरचं पेन नाहीसं होतं, तो डोळा बहुधा कमी पडतोय.

व्हिडिओनंतर खोलीतल्या नेहमीच्या उजेडात दोन्ही डोळ्यांचा जवळून एक साधा फोटो काढून ठेवा, फ्लॅश बंद करून. त्याचं कारण असं की नेत्रतज्ज्ञांकडे गेल्या-गेल्या बाहेरची सिस्टर औषध घालून बाहुल्या मोठ्या करून ठेवते. मग आत डॉक्टरांना मूळ बाहुली कधीच दिसत नाही. औषध घालायच्या आधी तुम्हीच सांगा, "डबल दिसतंय, आधी डॉक्टरांना बाहुली बघू द्या." सिस्टर रागावली तर रागावू दे.

माझ्या धाकट्या दिरांचं सांगते, कारण मध्यमवयात सगळ्यात जास्त भेटणारं कारण तेच. दुधाचा टेम्पो चालवतात, पन्नाशी ओलांडलेली. गणपतीच्या दिवसांत दोन-तीन दिवस उजव्या भुवईवर ठणकत होतं, मग एका सकाळी रस्त्यावरची पांढरी पट्टी दोन झाली. घरी आले तेव्हा चहा पितानासुद्धा तोंड उजवीकडे वळवून बसले होते. जाऊबाई म्हणाल्या, "मान अवघडलीय यांची." मान नव्हती अवघडली. लांबचं शेजारी-शेजारी डबल, उजवीकडच्या आरशात बघताना सगळ्यात जास्त, पुस्तक वाचताना जवळपास नाहीच. उजवा डोळा बाहेर जात नव्हता. ही सहावी नस. तोंड उजवीकडे वळवलं की डोळे आपोआप डावीकडे राहतात आणि कमजोर स्नायूला काम पडत नाही, म्हणून ते तसे बसत होते.

त्यांनी आयुष्यात कधी साखर तपासली नव्हती. तपासली तर उपाशीपोटी १९० आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी ९.४. बीपीही वरच. नसेला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या बंद पडल्या की असं होतं, आणि दिलासा असा की हे बहुतेकांचं तीन महिन्यांत आपोआप भरून येतं. दिरांचं दिवाळीनंतर गेलं. साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्या मात्र कायमच्या लागल्या. हल्ली बरेच न्यूरोलॉजिस्ट अशा पेशंटलाही सुरुवातीलाच एमआरआय सांगतात, त्यांचंही चूक नाही. पण थांबून बघायचं ठरलं असेल तर काही अटी आहेत. तीन महिन्यांत सुधारणा दिसली पाहिजे. दरम्यान दुसरी नस बसता कामा नये, गाल बधिर होता कामा नये. सकाळी उठल्यावर डोकं फुटतंय, उलटी होतेय आणि डबल दिसतंय, तर थांबणं बंद, कारण डोक्यातला दाब वाढला की सहावी नसच आधी ताणली जाते. आपल्याकडे त्यामागे टीबीचा मेंदूज्वरही असतो. डोळ्याच्या मागच्या नसेला सूज आहे का हे अशा वेळी नेत्रतज्ज्ञांनी पडदा तपासून बघायलाच हवं.

एमआरआय ठरलाच तर चिठ्ठी वाचा. नुसतं 'ब्रेन' लिहिलं असेल तर डोळ्यांच्या खोबणीही त्यात येणार का आणि कॉन्ट्रास्ट देणार का, हे विचारा. मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आधी करून ठेवलं की एक चक्कर वाचते.

वर-खाली डबल दिसणाऱ्यांनी कपाटातून लग्नाचा अल्बम काढावा. मी गंमत करत नाहीये. आमच्याकडे एक शिक्षिका आल्या होत्या, जिना उतरताना आणि वह्या तपासताना ओळीवर ओळ दिसायची. खाली बघताना वाढणारं डबल आणि ट्यूबलाईटची एक तिरकी प्रतिमा, म्हणजे चौथी नस. (दोन ट्यूब ज्या बाजूला एकमेकींजवळ येतात, सहसा त्या बाजूचा डोळा दोषी.) घरी ट्यूमरपर्यंत चर्चा गेली होती. मी म्हटलं, जुने फोटो आणा. अल्बममध्ये मुंडावळ्या बांधलेल्या, हार घातलेल्या, उखाणा घेणाऱ्या, प्रत्येक फोटोत मान डाव्या खांद्याकडे. मग दहावीच्या हॉल तिकिटावर तीच मान. शेवटी त्यांच्या आईने शाळेचा दुसरीचा ग्रुप फोटो पाठवला, सगळी पोरं सरळ आणि ही एकटी कलती. उजवी चौथी नस जन्मापासूनच कमजोर होती. मान कलती ठेवून मेंदूने ती चाळीस-बेचाळीस वर्षं सांभाळून घेतली आणि आता त्याची ताकद संपली. मोठ्या शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी प्रिझम धरून मोजलं, तर वर-खालच्या प्रतिमा जुळवण्याची त्यांची ताकद सामान्य माणसाच्या कितीतरी पट निघाली. ही जुन्या दोषाचीच खूण. चष्म्यात प्रिझम बसवला आणि काम झालं. जुने फोटो हे या दुखण्यातलं सगळ्यात स्वस्त स्कॅनिंग आहे.

जुन्या फोटोंचा दुसरा उपयोग थायरॉईडला होतो. वर बघताना डबल दिसतं, सकाळी उठल्यावर जास्त आणि दिवस चढेल तसं कमी, डोळे वटारल्यासारखे, काळ्या बुबुळाच्या वर पांढरी रेघ दिसते. दोन वर्षांपूर्वीच्या फोटोत ती नसते. सोबत वजन उतरणं, छातीत धडधड, हाताला कंप. इथे नस ठीक असते, डोळ्याचे स्नायूच सुजून ताठर होतात. टीएसएच नॉर्मल आला म्हणून हा आजार नाही असं समजू नका, काहींना डोळ्यांचा त्रास आधी येतो. खोबणीच्या स्कॅनमध्ये स्नायू जाड दिसतात, आणि रक्तात थायरॉईडच्या अँटिबॉडी बघतात. विडी-सिगारेट असेल तर आजच बंद. हा आजार धुराने चिघळतो, हे पक्कं ठाऊक आहे.

कारण सापडेपर्यंत जगायचं कसं? एक डोळा झाकून. मोठ्या माणसाचा डोळा झाकल्याने 'आळशी' होत नाही, ती भीती लहान मुलांपुरती. डोळ्यावर पट्टी बांधण्यापेक्षा चष्म्याच्या एका काचेला आतून मायक्रोपोर टेप लावा, लोकांना फारसं कळत नाही. गाडी बंद, मोटारसायकलसुद्धा. एका डोळ्याने अंतराचा अंदाज चुकतो, तेव्हा कडबाकुट्टी, विहिरीचा काठ, उकळतं तेल यांच्यापासून लांब राहा, आणि जिना कठड्याला धरूनच उतरा. काचेवर चिकटवायचा पातळ प्लॅस्टिकचा फ्रेनेल प्रिझमही मिळतो. नंबर बदलत असताना पक्का प्रिझमचा चष्मा करून पैसे घालवू नका. मेडिकलवाल्याने दिलेल्या 'नसेच्या गोळ्या' बी-१२ कमी असेल तरच कामाच्या. स्टिरॉइड मात्र डॉक्टरांशिवाय कुणाच्याही सांगण्यावरून घेऊ नका. साखर भडकते, आणि आत बुरशी असेल तर तिला मोकळं रान मिळतं. तिरळेपणाचं ऑपरेशन हा शेवटचा मार्ग, तोही माप साधारण सहा महिने स्थिर राहिल्यावर.

आणि सगळं नॉर्मल आलं तर? साखर नॉर्मल, थायरॉईड नॉर्मल, एमआरआय स्वच्छ, आणि डॉक्टर म्हणतात टेन्शन घेऊ नका. अशा वेळी वहीत वेळ बघा. सकाळी एक, संध्याकाळी दोन. कधी शेजारी-शेजारी, कधी वर-खाली. पापणी एक दिवस डावी जड, एक दिवस उजवी. असं बदलतं दुखणं असेल तर मायस्थेनिया, म्हणजे नसेचा निरोप स्नायूपर्यंत नीट न पोहोचण्याचा आजार, डोक्यात यायलाच हवा. यात बाहुली कधीच बिघडत नाही. घरी करण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. डोकं न हलवता छताकडे दोन मिनिटं टक लावून बघा, पापणी हळूहळू ओघळते का ते सोबतच्याने बघायचं. मग रुमालात बर्फ गुंडाळून मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटं धरा. आधीचा आणि नंतरचा फोटो काढा. थंडीने पापणी स्पष्ट उचलली गेली तर ते दोन फोटो घेऊन थेट न्यूरोलॉजिस्टकडे. पुढे रक्तातल्या अँटिबॉडी तपासतात, पण आजार फक्त डोळ्यांपुरता असेल तर निम्म्या जणांत त्या सापडतच नाहीत. मग सिंगल फायबर ईएमजी, म्हणजे स्नायूची सुईने करायची विजेची तपासणी, लागतो. छातीचा सीटीही करतात, कारण थायमस ग्रंथीची गाठ बघायची असते. दरम्यान कुणी दुसऱ्या कारणासाठी अँटिबायोटिक देत असेल तर हा संशय सांगा. जेंटामायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, अझिथ्रोमायसिन यांनी हा आजार एकदम बळावू शकतो. आवाज नाकातून येऊ लागला, पाणी पिताना नाकात चढलं किंवा धाप लागली तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही.

आमच्या गल्लीतल्या शिंपीणकाकूंचं निदान असंच अडकलं होतं. त्या पहिल्या एसटीने जायच्या, दहा वाजता डॉक्टर तपासायचे, तेव्हा त्या ताज्यातवान्या असायच्या. त्यांना म्हटलं, काकू, दिवसभर मशीन चालवा आणि संध्याकाळी सहाची वेळ घ्या.